बेटावर फिरायला जायचा कागद

हे तुम्हाला पटायचं नाही. तापीतल्या माशाच्या पाठीवर बसून मी प्रकाशा गाव गाठलं, तेही कुणाला पटलं नव्हतं. पण एकोणीसशे आठ साली तळोद्यात, दवाखान्याच्या ओट्यावर, मला माझ्याहून मोठा थापाड्या भेटला. मळ्यांसाठी मजूर भरती करणारा, बूट घातलेला एक मुकादम डोंगरातल्या नवलसिंगला आणि त्याच्या बायकोला, कालीबाईला, समजावत होता.

"बेटवर नुसतं फिरानं शे, नवलसिंग. नारळ खावाना, समुद्र देखाना."

"मंग हाऊ कागद कसाले?"

"त्याबिगर बेटवर उतरू देत नहीत. देवी टोची झाल्यात, डॉक्टरनी तपासं. अंगठाले शाई लाई दिधी, आते फक्त दाब."

"परत कव्हय येसूत?"

"मन भरनं का या. आगबोट फुकट शे."

"काली, तू काय म्हनस?"

"डॉक्टरनी तुन्हा दंड दाबीसन देखात. मंग दात देखात."

"तब्येत देखतस, बाई. सगळासनी देखतस."

"मुकादम, बैल लेतांना आम्ही बी तेच देखतस. फिराले जाणाऱ्याना दंड कोन देखस? तू खोटं बोली ऱ्हायना." मग ती नवऱ्याकडे वळली. "चाल, अंगठा पुशी टाक."