आमच्या हॉलाचा वाकडा चिरा

तुमच्या गावात असेल टाइल्सचा हॉल, पण आमचा एकदा बघाच! बांधताना घरटी एकेक जांभ्या दगडाचा चिरा लोकांनी डोक्यावरून आणलेला. परवा दुरुस्तीसाठी मालवणहून इंजिनिअर आला. म्हणाला, "आधी भिंतीला गिलावा करू. उघडे चिरे बरे दिसत नाहीत."

जमलेल्या गावकऱ्यांतून आमच्या शेजारच्या शांताकाकीने उठून भिंतीवर हात ठेवला. "हो चिरो माझ्या सासऱ्यान हाडललो. तुमी झाकल्यात तर नातवाक काय दाखवू?"

मग जो तो आपापला चिरा दाखवायला लागला. इंजिनिअर हसून म्हणाला, "आणि मधला हा वाकडा, कोपरा फुटलेला? हा कोणाचा?"

चारी बाजूंनी एकच ओरडा, "आमचो!"

गिलावा राहिलाच. त्या वाकड्या चिऱ्यावरून मात्र अजून भांडण चाललंय. आणि खरं सांगू? तो आमचाच आहे.