मामांनी पसंत केलेलं मशीन

…आन् वर मलाच म्हणतात, "माणिकराव, घरी मशीन आलं म्हणं, मजा हाय तुमची!" मजा? अहो, या एकदा दिवेलागणीला आमच्या सेलूच्या घरी, बसा त्या जनरेटरजवळ, आन् मग मजा म्हणून दाखवा... म्हणालात तरी ऐकू कोणाला जाणार? तुमाला सांगतो, मला एकच बल्ब पाहिजे होता हो! एकच!

आमची मनकर्णा यंदा मॅट्रिकला. आमच्या घरातली मॅट्रिकला बसणारी पहिली पोरगी! पण लाईटीचं काय करावं? तिकडं येलदरीला धरणावर वीज तयार व्हायलीय, आन् इकडं पोरीनं भूमितीचं पुस्तक उघडलं की अंधार! कंदिलाजवळ डोळे चोळत बसायची, बघून माझं आतडं तुटायचं. म्हणून एकदा हळूच बोललो, एखादं लहानसं जनरेटर... झालं! आमच्या मंडळींनी ते माहेरी पोचवलं आन् सासरे आबासाहेब धोतराचा सोगा सावरत दारात हजर. "जावईबापू, नातीसाठी मशीन आमी देणार. आन् पसंतबी आमीच करणार." आता सासरा स्वतःहून देतो म्हटल्यावर जावयानं काय बोलावं? मी आपला, "बरं मामा."

गेलो परभणीला. दुकानदारानं एक काढलं, शिवणयंत्राएवढं, गोजिरवाणं. दोरी ओढली, तर मांजर झोपेत घुरघुरावं तेवढाच आवाज, आन् बल्ब लख्ख! म्हटलं, हेच! तर मामांनी काय करावं? त्याच्याभोवती फेरी मारली, पाठीवर थाप दिली, खाली वाकून बघितलं... अहो, जन्मभर बाजारात बैल पारखलेला माणूस! म्हणाले, "ह्येला दम न्हाई. आवाजच निघंना. आजारी हाय ह्ये." दुकानदार म्हणतो, "आबासाहेब, आवाज कमी हीच तर ह्याची खुबी." "गप बसा ओ! आजारी जनावर इकणारा असंच बोलतो." मी म्हटलं, "मामा, मला एकच बल्ब..." "एकच? उद्या पाव्हणे आले तर माझ्या लेकीची इज्जत काय?" मग कोपऱ्यातलं एक दांडगं धूड चालू करायला लावलं. फळीवरचे डबे हलायला लागले, दुकानदारानं कानात बोटं घातली, आन् मामांच्या चेहऱ्यावर काय ते समाधान! "ह्ये खरं! चार गल्ल्यांत कळलं पाहिजे, जावयाच्या घरी मशीन हाय!"

कळलं ना! लाईट गेली की मी दोरी ओढतो, आन् सगळी गल्ली आमच्या ओसरीवर. शेजारचे दिनकरराव पेपर घेऊन, बाया ज्वारी निवडायला सुपं घेऊन... आन् मशीनजवळ खाट टाकून मामा! हो, मुक्कामालाच आलेत. पोरीनं आधी कानात कापूस घातला, मग घरातल्या घरात तीन कोपरे बदलले, शेवटी पुस्तकं उचलली, जुना कंदील घेतला, आन् गल्लीच्या पार टोकाला नर्मदाबाईच्या घरी! "बाबा, तिथं उजेड कमी हाय, पण डोकं चालतंय." आता बोला! मशीन कोणासाठी, आन् पोरगी कुठं!

तुमी म्हणाल, बंद करा. करून बघा की! दिनकरराव म्हणतात, "थांबा ओ, अर्धीच बातमी झाली." बाया म्हणतात, "भाऊ, निम्मं सूप ऱ्हायलंय." मामा म्हणतात, "माझ्या मशीनीत काय खोट दिसली तुमाला?" आन् आमच्या मंडळी नुसत्या डोळे वटारतात. मला एकच बल्ब पाहिजे होता हो!

परवा तर नवल झालं. लाईट गेलीच न्हाई! दिवेलागण झाली, बल्ब लख्ख, सगळीकडं शांत, मनू कितीतरी दिवसांनी घरात पुस्तक उघडून बसलेली... डोळे भरून आले हो माझे. आन् एकदम अंधार! बघतो तर मामा मेनस्विचखाली उभे. "आज लाईट जाईना की! जनावर बसून ऱ्हायलं की आखडतं, जावईबापू. ओढा दोरी." मनूनं माझ्याकडं बघितलं. कंदील उचलला. आन् मी... मी दोरी ओढली. काय करता?

काल बाजारातून आणखी एक कंदील आणला. पोरीचा पोरगी नेते, हा माझा. मीबी आता नर्मदाबाईकडंच बसायला जाणार. कंदीलवाला हसून विचारतो कसा, "माणिकराव, तुमच्या घरी तर मशीन हाय, मग कंदील कशाला?"

म्हटलं, "बाबा, मशीन हाय म्हणूनच!"