यमुनाक्काचं ताक आणि गावचा फळा

मंडळी, ऐका. टाळकरी, जरा थांबा बाबा! आधी एक प्रश्न टाकू द्या, मग वाजवा हवं तेवढं.

खोटं बोलणं पाप. हो ना? माना हलल्या! मागच्या खांबापाशीही हलली — पण ती डुलकी दिसते! बरं, एखाद्यानं खोटं रचलं नाही. नुसतं ऐकलं, खरं मानलं आणि पुढे सांगितलं. मग ते पाप कुणाच्या पदरात? का कुणाच्याच नाही, गेलं वाऱ्यावर?

उत्तर मी नाही देत. इंदू देईल. कोण इंदू? ऐका तर!

गाव बोरखेड. तेव्हा घरोघर टीव्ही नव्हते. सकाळच्या पहिल्या एसटीनं दोन वर्तमानपत्रं यायची, तीही शाळेच्या ग्रंथालयात. मग सातवीतलं एक पोर रस्त्याकडच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर ठळक बातम्या लिहायचं. पार वाड्यावस्त्यांवरची माणसं यायची हो वाचायला! पारावर वाद पेटला की एकच वाक्य — “फळ्यावर आलंय!” संपला वाद. देवळात कौल लावावा तसा तो फळा.

इंदुमती सावंत सातवीत. अक्षर म्हणजे मोत्यांची माळ. त्या महिन्यात खडू तिच्या हाती, आणि नाक थोडं वर! का नसावं? गाव वाचतंय तिचं अक्षर!

शाळेचं ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि एक सतरंजी. तिथे सरोजबाई धुमाळ दर शनिवारी तास घ्यायच्या. पुस्तक वाचून दाखवायचा नव्हे — पुस्तकाला प्रश्न विचारायचा! एकदा त्यांनी दोन्ही वर्तमानपत्रं शेजारी पसरली. मोर्चा एकच. एकात लिहिलं, प्रचंड गर्दी. दुसऱ्यात, मूठभर माणसं.

“आता कोण खरं, मुलींनो?”

इंदू म्हणाली, “बाई, ज्याची पानं जास्त तो!”

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अशी चूक मोठी माणसंही करतात. आधी विचारायचं — कुणी डोळ्यांनी पाहिलं? बाकीच्यांना कुणी सांगितलं? आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याला कुणी विचारलं का?”

इंदूला हे तोंडपाठ झालं. पण मंडळी, पाठ असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं. आरत्या आपल्याला सगळ्या पाठ. अर्थ विचारला की टाळी जोरात वाजते!

तर गावची जत्रा झाली. देवळात भंडारा. बुंदी, भाजी, भात, मठ्ठा. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव लोटे घेऊन ओढ्याकडे धावतंय! उलट्या, जुलाब. देवाची कृपा, दगावलं कुणी नाही. पण झालं कशानं?

दुसऱ्या दिवशी इंदू फळ्यावर लिहीत होती. मागून हेडमास्तर निकमगुरुजी आले. “इंदू, खाली अजून एक ओळ. यमुनाबाईंच्या ताकातून गावाला विषबाधा.”

इंदूचा हात थांबला का? नाही हो! गुरुजी सांगतायत! तिनं ती ओळ लाल खडूनं लिहिली. वर एक वेलबुट्टीही काढली.

यमुनाक्का म्हणजे विधवा बाई. दोन म्हशी आणि डोक्यावरचं ताकाचं मडकं, एवढाच संसार. भंडाऱ्याच्या मठ्ठ्याचं ताकही तिच्याकडचंच. तिला अक्षर ओळखीचं नाही. ती रोजच्यासारखी “ताऽऽक” करत निघाली, तर दारं धडाधड लागली! एक बाई ओसरीतूनच ओरडली, “जा गं बाई, फळ्यावर आलंय तुझं!” काय आलंय, ते मात्र कुणी सांगेना. चार दिवस मडकं भरलेलं गेलं आणि भरलेलं परत आलं. म्हशींना पेंड कुठून आणायची? अक्कानं ठरवलं, गुरुवारच्या बाजारात म्हशी द्यायच्या आणि भावाच्या दारी जाऊन पडायचं.

हे इंदूला कळलं बुधवारी. आईनं सहज सांगितलं, भाकरी थापता थापता. इंदूनं हातातला घास ताटात टाकला. तशीच उठली, ग्रंथालयात गेली.

“बाई, मी विचारलंच नाही.”

सरोजबाईंनी तिला ना दटावलं, ना कुरवाळलं. म्हणाल्या, “मग आता विचार. मी येते संगतीला, बोलायचं तू.”

पहिले गुरुजी. “गुरुजी, ताकाचं तुम्हांला कुणी सांगितलं?”

“अगं, विठू शिंप्याच्या दुकानात सगळे म्हणत होते.”

गेल्या विठूकडे. विठू मशीन थांबवून म्हणतो, “मला पाटलांनी सांगितलं. भंडारा त्यांच्या हाताखाली, त्यांना नाही तर कुणाला कळणार?”

गेल्या सर्जेराव पाटलांकडे. पाटील सुपारी कातरत बसलेले. “पुरावा? अगं पोरी, तूच लिहिलंयस की फळ्यावर!”

हसलात? हसा! पण बघा, काय झालं! फळा म्हणतो गुरुजी, गुरुजी म्हणतात शिंपी, शिंपी म्हणतो पाटील आणि पाटील म्हणतात फळा! घाण्याचा बैल हो! दिवसभर चालला, गाव काही आलं नाही!

इंदू म्हणाली, “पाटीलकाका, फळ्याच्या आधी तुम्हांला कुणी सांगितलं?”

“आधी? आधी मीच म्हणालो होतो... ताकानं तर नसेल ना झालं? नुसतं विचारलं गं मी!”

“मग ताक पिऊन ज्याला काही झालं नाही, असं आहे का कुणी?”

तेवढ्यात आतून काठी आपटली. पाटलांची आई! “मी आहे की! मठ्ठ्यासाठी यमुनेनं आदल्या दिवशी आणलेलं ताक, त्याच मडक्यातलं मी वाटीभर प्याले. ठणठणीत आहे. सर्ज्या, तुमचा मठ्ठा कशात ठेवला होता रे?”

“पितळी पातेल्यात. आदल्या रात्रीच कालवून ठेवला, घाई नको म्हणून.”

“आणि कल्हई? कधी केली होती त्या पातेल्याला?”

पाटलांच्या हातातला अडकित्ता थांबला.

बायांनो, तुम्ही तोंडाला पदर लावलात, कारण तुम्हांला कळलं! कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, पोटात विष होतं. हे लग्न ठरण्याआधी आई शिकवते! पण भंडाऱ्याचा स्वयंपाक पुरुषांचा, बायकांनी चुलीजवळ यायचं नाही, हा बोरखेडचा रिवाज. ज्यांना ठाऊक होतं त्यांना कुणी विचारलं नाही. आणि ज्यांना विचारलं त्यांना ठाऊक नव्हतं!

“तरी सांगत होते,” म्हातारी म्हणाली, “चुलीपाशी एक तरी बाई असू द्या.”

आता खरा प्रसंग. गुरुवारी सकाळी इंदू खडू घेऊन फळ्याशी आली, तर गुरुजी म्हणतात, “ती ओळ कधीच पुसली गेली. लोक विसरतील. फळा चुकला म्हटलं तर शाळेची अब्रू काय राहील?”

इंदूनं शेजारी उभ्या सरोजबाईंकडे पाहिलं. मग ती स्वतःच बोलली, “गुरुजी, ती ओळ फळ्यावरून गेली. दारं अजून लागलेलीच आहेत.”

आणि तिनं लिहिलं. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याच लाल खडूनं. वेलबुट्टी नाही काढली.

‘यमुनाबाईंच्या ताकाची बातमी खोटी होती. मठ्ठा कल्हई नसलेल्या पातेल्यात कळकला. मी न विचारता लिहिलं. — इंदुमती सावंत’

गर्दी जमली. पाटीलही आले, मान खाली. आणि रस्त्यानं यमुनाक्का! दोन्ही म्हशींची दावी हातात, बाजाराकडे निघालेली. गर्दी बघून थबकली.

“काय लिवलंय गं?”

चार जण पुढे सरसावले वाचायला. अक्कानं हात वर केला. “तुमी नगा. ज्या हातानं लिवलं, तिलाच वाचू दे. आन् मोठ्यानं.”

इंदूनं वाचलं. पहिल्यांदा हळूच वाचलं. अक्का म्हणाली, “ऐकू नाही आलं.” पुन्हा वाचलं. स्वतःच्या नावासकट वाचलं.

अक्कानं फळा वरपासून खालपर्यंत न्याहाळला, जणू ती अक्षरं तिला ओळखू येत होती. मग पाटलांकडे वळून म्हणाली, “सर्जेराव, बाजाराची वाट हीच ना?”

पाटील म्हणाले, “अक्का, म्हशी फिरवा. घरचं ताक आजपासून तुमच्याकडनं.”

“घ्यायचं ते घ्याल हो. पण आधी पातेल्याला कल्हई करा!”

गाव हसलं, आणि म्हशी घराकडे वळल्या.

मंडळी, इंदूनं खोटं रचलं नव्हतं. तरी पाप तिच्या पदरात आलं होतं, आणि ते धुवायला तिला आपलं नाव घालावं लागलं. आज फळा भिंतीवर नाही. तुमच्या खिशात आहे! बघा बघा, आत्ताही एक वाजला तिकडे! सकाळपासून किती पुढे ढकललंत? ‘सगळे म्हणतायत’ म्हणून? ते सगळे कोण हो? का तोच घाण्याचा बैल?

यमुनाक्काला वाचता येत नव्हतं, तिला दोष नाही. तुम्हां-आम्हांला येतं. उद्या लेकराला शाळेत सोडाल, तेव्हा बाईंना विचारा, ग्रंथालयाचा तास होतो का? नसेल तर मागा! देवाजवळ मागता ना, तसा हट्टानं मागा.

आणि हे आख्यान उद्या कुणाला सांगाल, तेव्हा तो विचारेल, “कुणी सांगितलं?” तर रागावू नका. त्याच्या पाठीवर हात ठेवा. वाजवा आता टाळ!