बायकांचं दार

अकोल्याच्या टॉकीजबाहेर तिकिटाची रांग. माझ्यापुढे काळ्या कोटातले एक वकील, त्यांच्यापुढे धोतरातले एक म्हातारे.

“पंचविसावा आठवडा, तरी हाउसफुल्ल! आहे काय यात? नुसती नाचगाणी.”

“मी पाचव्यांदा येऊन राहिलो, वकीलसाहेब.”

“इतका आवडला? शेवट कसा आहे?”

“शेवट नाही पाह्यला.”

“म्हणजे?”

“आमची घरवाली, जमुना, बायकांच्या बाजूले बसे. सुटल्यावर गर्दीत घाबरे. म्हणून मी आधीच उठून बायकांच्या दारापाशी उभा राहो. शेवट मले घरी जाताना बैलबंडीत सांगे.”

“आज नाही आल्या त्या?”

“पोळ्याले वारली.”

“अरेरे... मग आज तरी शेवट बघा.”

“दरखेपी तेच ठरवतो. पन सुटाची वेळ झाली का उठतोच. दारातून साऱ्या बाया निघून जातेत, मंग मी बैलं जुपतो.”