जास्वंदीचा चहा आणि गोळी

रक्तदाबाच्या गोळीसोबत जास्वंदीचा चहा चालेल का, असे धाकट्या बहिणीने पत्रातून विचारले होते. चार पुस्तके चाळूनही म्हाताऱ्याची खात्री पटेना, म्हणून उत्तर राहूनच गेले. आज दवाखान्यात शेजारी दोन जावा बोलत होत्या.

"जिन्यात चक्कर आली म्हणे?"

"शेवटच्या दोन पायऱ्या होत्या, म्हणून वाचले."

"जास्वंदीचा चहा घेतेस, ते डॉक्टरांना सांगितलंस?"

"फुलाचं काय सांगायचं, जाऊबाई? ते औषध थोडंच आहे?"

"मग पितेस कशाला?"

"दाब उतरतो म्हणून."

"आणि गोळी?"

"तीही त्याचसाठी."

"आत गेल्यावर हेच सांग."

म्हाताऱ्याने आपला नंबर सोडला. टपाल कचेरीत उभ्याउभ्याच त्याने कार्ड लिहिले, 'मला नक्की ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो चहा घेऊ नकोस,' आणि पेटीत टाकले.