भिंतीपलीकडची आई

नकाशे काढणारी एक मुलगी दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत होती. समोरच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांची आई आत डॉक्टरांकडे होती. धाकटीचा आवाज चढला, तशी नकाशेवाल्या मुलीने कानातली गाणी बंद केली.

“ताई, नकाशात तुझ्या घराला पाठ लावून होतं, म्हणून तर मी हे घर घेतलं!”

“मग आहेच की पाठीला पाठ.”

“मध्ये भिंत आहे! तुमच्या कॉलनीचे रस्ते तिथे संपतात, आमचेही तिथेच. हायवेवरून वळसा घालून यायला अर्धा तास लागतो. जुन्या गावात कुठल्याही बोळात शिरले तरी आईच्या दारात निघायचे.”

“म्हणूनच दिवसभर तिथे पडीक असायचीस.”

“आता ती तुझ्या अंगणात हसते आणि मी भांडी घासताना ऐकते. जीव जळतो गं.”

“रविवारी आणते की तुझ्याकडे.”

“पाहुणीसारखी! भिंतीत दार पाडायला आमची कॉलनी एका पायावर तयार होती. तुमच्या बैठकीत म्हणे कुणीतरी चोरांची भीती घातली. कोण ती भवानी?”

“मी.”

“ताई!”

“दार झालं असतं तर सकाळी तुझ्याकडे गेलेली आई जेवायलासुद्धा परतली नसती. पहिल्यापासून तुझ्याकडेच ओढा तिचा. मला काय दिसत नाही?”

तेवढ्यात आई गालात कापूस धरून बाहेर आली. दोघींनी उठून तिचा एकेक हात धरला. दवाखान्याच्या दारातून तिघी एकदम मावेनात, पण हात कुणीच सोडेना.