चार नंबरचा नारळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष यशवंतबाब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती सगुणबाब मळीक आणि आनंदीवहिनी, तसेच पंखे बंद पडूनही जागेवर बसून राहिलेल्या बंधुभगिनींनो,

व्यापारी मंडळाच्या वतीने मी दोन शब्द बोलावेत असे ठरले. सगुणबाबांना नोकरीत सर्वांत जास्त त्रास कोणी दिला, हे पाहूनच मंडळाने माझी निवड केली असावी.

सगुणबाब एकोणतीस वर्षे पालिकेत गटारांचे सुपरवायझर होते. अशा माणसाचे कौतुक करायचे तरी कसे? गटार नीट वाहत असले, तर त्याची आठवण कोणाला होते?

पूर्वी बाजारात पडलेला पाऊस ट्रकांनी सांडलेली लाल माती, तेल, पिशव्या असे सगळे घेऊन सरळ तळ्यात उतरायचा. सात वर्षांपूर्वी सगुणबाबांनी पालिकेच्या मागे लागून तळ्याच्या वरच्या अंगाला गाळखड्डा खणून घेतला. पाणी तिथे थांबते, गाळ खाली बसतो, कचरा जाळीला अडकतो आणि निवळलेले पाणी तळ्यात जाते. मात्र गटारातून ते खड्ड्यापर्यंत पोचायला हवे.

पोचते की नाही हे पाहायला सगुणबाब दर जूनमध्ये बाजारातल्या पाच गटारांत पाच असोले, न सोललेले नारळ सोडत. त्यांवर तांबड्या रंगाने नंबर घातलेले. मग छत्री घेऊन खड्ड्याच्या काठावर उभे राहत. एक, दोन, तीन आणि पाच यायचे. चार यायचा नाही.

चार नंबरच्या गटारावर माझ्या ‘पद्मावती स्टोअर्स’चा ओटा होता. मी गटार बुजवले नव्हते. त्यावर लादी घातली, छपराचा खांब आत उतरवला आणि वर तांदळाची पोती ठेवली, एवढेच. तुंबलेले पाणी रस्त्यावर यायचे आणि खड्ड्याला वळसा घालून तळ्यात जायचे.

दर वर्षी सगुणबाब दुकानात येत.

“शेट, माझो नारळ तुमच्या ओट्याखाली आसा.”

“सगुणबाब, साबण देऊ?”

ते साबण घेऊन जात.

चौथ्या वर्षी मी लेखी तक्रार केली, की पालिकेच्या नारळांमुळे माझ्या ओट्याखालचे गटार तुंबले आहे. सगुणबाबांनी अर्जावर शेरा मारला: ‘नारळ ओट्याखाली असल्याचे अर्जदारास मान्य आहे. नोंद घेतली.’

त्या एका कागदावर त्यांना माझा ओटा फोडता आला असता. मी विचारले, “मगे फोडूक नाय तो?”

“मी फोडलंय तर तुमी परत बांधतलास,” ते म्हणाले. “तुमी फोडलास तर बांधूचे नाय.”

हे उत्तर मला त्या वेळी शहाणपणाचे वाटले नाही. सोयीचे वाटले.

गेल्या चवथीला मी विसर्जनासाठी तळ्यात उतरलो. पाणी तांबडे होते, वर तेलाचा तवंग. मूर्ती सोडताना एक पिशवी आली आणि सोंडेला गुंडाळली. तिच्यावर आमच्याच दुकानाचे नाव होते. ज्यांचे नाव दुकानाला आहे, त्या आमच्या घरच्या काठावर उभ्या होत्या. आज पुढच्याच रांगेत आहेत. त्या एवढेच म्हणाल्या, “आता गणपतीकय कळला, गटार कोणी अडवल्यान. तेंचो नारळ तेंका देवन टाका.”

तरी मला नऊ महिने लागले. मी विचार करीत होतो.

उद्या सगुणबाब निवृत्त होऊन पार्सेला आपल्या घरी जातील. आठ-दहा दिवसांत पाऊस येईल, आणि यंदा माझ्या दुकानात विचारायला कोणी येणार नाही. ही गोष्ट मला काल रात्री जेवताना सुचली आणि जेवण गेले नाही.

आज सकाळी मी पहार घेऊन ओटा फोडला. समारंभाला उशिरा आलो तो त्यामुळे. खांबाला अडकून सहा नारळ होते. पाच कुजले आहेत. गेल्या वर्षीच्या नारळाला मात्र वीतभर कोंब फुटला आहे.

सगुणबाब, मंडळाने आपल्यासाठी श्रीफळ आणले होते. ते मी परत पाठवले. हा घ्या आपला चार नंबर. धुतला आहे, आकडा तेवढा पुसलेला नाही. पार्सेच्या कुळागरात, माडा-पोफळींत लावा.

अध्यक्षांनी बोलू दिले आणि आपण ऐकून घेतले, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर पोटात घाला. आधीच्या सहा वर्षांची माफी मी सगुणबाबांकडे वेगळी मागतो. आणि जाताना माझ्या दुकानासमोर जरा सांभाळून चाला. तिथे आता गटार आहे.